बॅगेत पक्कड नव्हती

माझं गाव मालेगाव. नाशिक जिल्ह्यातलं नाही, वाशिम जिल्ह्यातलं. हे सगळीकडे सांगावं लागतं, कुरिअरवाल्यालासुद्धा. इथून समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरहून लांब आहे. आमच्या भागातलं काही पाणी काटेपूर्णेतून पूर्णा आणि तापी करत अरबी समुद्राला जातं, काही पैनगंगेतून गोदावरी गाठून बंगालच्या उपसागराला. पाणी दोन्ही समुद्रांना जातं, माणसं पुण्याला जातात. मीही गेलो. इंजिनिअर झालो, सॉफ्टवेअरमध्ये लागलो आणि पगार हातात खेळायला लागल्यावर बाकीच्यांसारखाच एक छंद विकत घेतला. फ्लाय फिशिंग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या गळाला शिसं किंवा वजनदार आमिष असतं, ते स्वतःच्या वजनाने लांब जातं. फ्लाय म्हणजे हुकाला पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा नाहीतर खोटी कोळंबी. तिचं वजन जवळजवळ शून्य. म्हणून इथे दोरीलाच वजन दिलेलं असतं. आपण आमिष फेकत नाही, दोरी फेकतो, आणि आमिष तिच्यामागून जातं. जमलं की फार सुंदर दिसतं. न जमलं की हुक स्वतःच्याच कानात.

गेल्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर मी घरूनच काम करत होतो. तिथून आधी पुणे आणि मग तीन मित्रांबरोबर गाडीने मालवणकडे, खाडीत मासेमारीला, असा बेत होता. इंटरनेटवरून ‘उष्ण कटिबंधातल्या फ्लाय फिशिंग ट्रिपसाठी काय न्यावं’ अशी एक यादी उतरवली होती. पंचेचाळीस वस्तू. सगळं सामान ओसरीवर मांडलं. बाबांनी चहाचा कप घेऊन दोन चकरा मारल्या आणि विचारलं, “दुकान टाकतं का काय रे?”

सोयाबीनच्या पोत्यांसाठी आणलेला काटा तिथेच होता. बॅग त्याच्यावर ठेवली. तेवीस किलो.

या लेखात मला त्या तेवीस किलोंबद्दल भांडायचं आहे. माझं म्हणणं एका वाक्यात असं: आपण ज्या याद्या बघून बॅगा भरतो त्या सगळ्या माणसाला त्या जागेपासून वाचवण्यासाठी लिहिलेल्या असतात, त्या जागेला आणि तिथल्या माशाला आपल्यापासून वाचवण्यासाठी त्यांत फार थोडं असतं, आणि जे असतं ते तळाशी असतं.

माझ्या यादीत पक्कड एकतिसाव्या क्रमांकावर होती. लांब तोंडाची, माशाच्या जबड्यातून हुक काढायची पक्कड. तिच्या वर तीस वस्तू होत्या. झटपट वाळणारे चार शर्ट. ऊन अडवणारे हातमोजे. तोंडावर ओढायचा बफ. पाण्यात चालायचे बूट. वॉटरप्रूफ बॅगेच्या आत ठेवायची दुसरी वॉटरप्रूफ बॅग. तेवीस किलोंची वीस करताना मी काय काढलं असेल? बूट ठेवले. पक्कड काढली. ‘होडीवाल्याकडे असेलच की,’ असं मनाशी म्हणालो.

होडीवाल्याकडे नव्हती. त्याच्याकडे का असावी? तो जाळ्याने मासे धरतो. त्याला मासा जिवंत सोडायचाच नसतो.

कर्ली नदीच्या खाडीत, खडकांच्या कडेला, सकाळी साडेआठच्या सुमाराला मला तांबोशी लागला. लालसर, जाड मानेचा, अंगात प्रचंड ताकद असलेला मासा. असला मासा आमिष तोंडात घेतल्याबरोबर खडकाकडे पळतो, त्यामुळे काही सेकंदांत काय ते ठरतं. मी जिंकलो. त्याला होडीत घेतला आणि आधी फोटो काढला. मग मित्राने काढला. मग उभा फोटो, रीलसाठी. मग लक्षात आलं की हुक ओठात नाही, घशात आहे. बोटं आत जाईनात. दात बारीक पण धारदार. होडीचा तळ तापलेला. एकाने शर्टात गुंडाळून धरला, एक नेलकटर शोधायला लागला. होय, नेलकटर. पंचेचाळीस वस्तूंच्या यादीतून आलेल्या चार माणसांकडे एक मासा सोडवायला नेलकटर होतं.

शेवटी होडीवाल्या काकांनी कोयत्याच्या टोकाने हुक काढला. मासा पाण्यात धरला तर उलटा व्हायचा. दोनदा, तीनदा. काका म्हणाले, “आता सोडून काय उपयोग? घराक नेऊया.” ते रागावले नव्हते. मला रागावलेले चालले असते.

इथे कोणी म्हणेल, एक मासा मेला तर एवढं काय? त्याच खाडीत रोज किती धरले जातात. खरं आहे. पण काका मासा धरतात तेव्हा तो खायला किंवा विकायला धरतात, आणि तसं सांगतात. आम्ही सोडायला धरतो असं सांगत होतो. आमचा सगळा मोठेपणा त्या सोडण्यावर उभा होता. प्रोफाइलवर ‘कॅच अँड रिलीज’ लिहिणाऱ्याच्या बॅगेत रिलीज करायचं साधन नसेल तर तो नेमका काय करतोय?

आता दुसरी बाजू. ‘आपल्या बापजाद्यांनी काय रॉड वापरले होते? काठीला दोरा बांधा आणि बसा,’ असं मी म्हणणार नाही. ते खोटं आहे. सामानाला अर्थ असतो. थंड पाण्यासाठी बनवलेली फ्लाय लाइन कोकणातल्या उन्हात मऊ पडते, चिकटते, लोंबते. उष्ण प्रदेशासाठीच्या लाइनचा गाभा मुद्दाम कडक ठेवलेला असतो, आणि तीच लाइन थंडीत वेटोळी होऊन बसते. पोलराइज्ड चष्मा ही हौस नाही. पाण्यावरची चमक कापून तो आतलं दाखवतो, आणि मागून वेगाने येणारा हुक डोळ्यात जाऊ देत नाही. दणकट रॉड आणि जाड लीडर यांचं कारण तर थेट माशाशी जोडलेलं आहे: कमकुवत सामान असलं की झुंज लांबते. पाणी जितकं कोमट तितका त्यात प्राणवायू कमी. वीस मिनिटं झुंजवून दमवलेला मासा पोहत गेला म्हणजे तो जगला असं नाही.

म्हणजे माझं भांडण सामानाशी नाही, यादीशी आहे. ती कुठून येते ते बघा. बहामा, सेशेल्स, ख्रिसमस आयलंड. तिथे रिसॉर्ट असतं, गाइड असतो. पक्कड, लाइफ जॅकेट, मोठ्या तोंडाचं रबरी जाळं हे सगळं त्याच्या होडीत असतं. म्हणून पाहुण्याच्या यादीत कपडे वर जातात. आपण ती यादी तशीच्या तशी उचलतो. दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधला कोड न वाचता आपल्या प्रोजेक्टमध्ये चिकटवावा तशी. तो कोड कुठल्या सर्व्हरवर चालत होता हे कोण बघतो?

आणि चिकटवलेला कोड कधीकधी घात करतो. त्या याद्यांमध्ये हमखास एक सॅटेलाइट कम्युनिकेटर असतो, नेटवर्क नसलेल्या ठिकाणाहून मेसेज पाठवणारा. भारतात परवान्याशिवाय असलं उपकरण बाळगणं बेकायदेशीर आहे. बॅगेत ते सापडलं म्हणून विमानतळांवर परदेशी पर्यटक अडकलेले आहेत. यादीत डास पळवणारं डीट असतं. तेच डीट हाताला राहिलं तर फ्लाय लाइनचं प्लास्टिक खातं. सनस्क्रीन असतं, कोणतं ते नसतं. प्रवाळांना घातक ठरणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून बंदी घातली आहे. नमदा लावलेल्या तळव्याचे बूट असतात. असले ओले तळवे एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत नेतात म्हणून न्यूझीलंडने ते २००८ मध्येच बंद केले. म्हणजे ज्या जगातून यादी आली ते जगसुद्धा पुढे गेलं. आपल्या फोनमध्ये मात्र जुनी आवृत्ती चालू आहे.

गंमत म्हणजे ही सवय आपल्याकडे आजची नाही. हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ सालचं. तेव्हापासून या देशातल्या पाण्याकडे साहेबाच्या गळाच्या टोकावरून बघायची एक पद्धत पडली. महसीर हा त्या पद्धतीचा लाडका मासा. आपल्या दख्खनच्या महसीराचं शास्त्रीय वर्णन सायक्स या इंग्रजाने १८३९ मध्ये केलं, तेही पुण्याच्या मुळा-मुठेच्या परिसरातल्या माशावरून. पुढे लोणावळ्यात या माशाची कृत्रिम पैदास झाली आणि पिल्लं देशभर सोडली गेली, कावेरीतसुद्धा. हेतू चांगला होता. पण कावेरीचा स्वतःचा महसीर होता, पाठीला कुबड असलेला, दुसरीकडे कुठेही न मिळणारा. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. आपला पाहुणा मासा तिथे पसरला हे त्याच्या ऱ्हासाचं एक मोठं कारण म्हणून अभ्यासक सांगतात. आपण पाण्याकडे काय घेऊन जातो हा प्रश्न किती लांब जातो, ते यावरून कळावं.

आता परत ओसरीवर. बॅग भरून झाली तेव्हा आमच्या गल्लीतले एक भोई काका आले होते. वय सत्तरीच्या पुढे. तलावावर जाताना त्यांच्याजवळ खांद्यावरचं जाळं, एक गोणपाट आणि भाकरीचा डबा एवढंच असतं. त्यांनी माझा रॉड हातात घेतला, वाकवून पाहिला, “लयच हलका हाय,” म्हणाले, आणि मग विचारलं, “कोणाचं पाणी हाय थे?”

मला प्रश्नच कळला नाही. खाडी कोणाची असते?

मग त्यांनी समजावलं. आमच्याकडचे तलाव मासेमारीसाठी ठेक्याने जातात. मच्छीमारांची सोसायटी पैसे भरते, कटला-रोहूचं बीज सोडते, राखण करते. त्या पाण्यात पुण्याहून आलेला एखादा पोरगा महागडा रॉड घेऊन उभा राहतो आणि ‘आम्ही खात नाही, सोडून देतो’ असं सांगतो, तेव्हा त्याला वाटतं की आपण कोणाचं काहीच नेत नाही. न विचारता कोणाच्या हरभऱ्यात शिरायचं आणि ‘मी खाल्ला नाही, फक्त उपटून बघितला’ म्हणायचं, तसं हे आहे. पंचेचाळीस वस्तूंच्या यादीत ‘परवानगी’ नव्हती.

काकांनी दुसरी गोष्ट मरळीची सांगितली. पावसाच्या सुरुवातीला मरळ पिल्लं घालते. पाण्याच्या वरच्या थरात लालसर पिल्लांचा गोळा फिरतो आणि खालून मोठे मासे त्याची राखण करतात. जवळ काहीही आलं की ते अंगावर जातात. गळवाल्यांना हे माहीत आहे, म्हणून ते त्या गोळ्यावरच खोटा बेडूक फेकतात. मासा भुकेने नाही, रागाने तोंड मारतो. तो बाहेर निघाला की तेवढ्या वेळात पिल्लं बाकीचे मासे खाऊन टाकतात. “लाल दिसलं का आपुन जाळं टाकत नाई,” काका म्हणाले.

काकांना देव्हाऱ्यात बसवायचं नाही मला. त्यांचं जाळंही नायलॉनचंच आहे, फाटलेले तुकडे काठावरच पडलेले असतात, आणि त्यांत पाणसाप अडकून मेलेला मी पाहिला आहे. गरिबी म्हणजे पर्यावरणप्रेम नव्हे. पण त्यांच्याजवळ ‘कधी टाकायचं नाही’ याचा एक नियम होता. माझ्याजवळ तसा एकही नव्हता. माझ्याजवळ चार शर्ट होते.

खाडीतल्या माशांनाही असेच नियम लागतात, फक्त ते विकत मिळत नाहीत. जिताडा घ्या. प्रत्येक गळवाल्याचं स्वप्न म्हणजे मोठा जिताडा. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे तुम्ही छातीशी धरून फोटो काढता तो सर्वांत मोठा जिताडा जवळपास नेहमीच अंडी घालणारी मादी असते. तिला पोटाला आधार न देता जबड्याने लटकवून धरणं, कोरड्या हातमोज्यांनी तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसून काढणं, हे सगळं आपण प्रेमाने करतो. तो थर म्हणजे तिचं संरक्षक कवच. तेव्हा आधी हात ओले करायचे. ओले हात फुकट असतात, म्हणून त्यांची जाहिरात नसते.

भरतीचंही तसंच. मित्राने भरती-ओहोटीचं पैसे भरून घ्यायचं ॲप घेतलं होतं. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. एकादशी असेल तर अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, सव्वाआठ. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. मालेगावात आईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ही सगळी माहिती टांगलेली होती आणि मी तिच्याखाली बसून वॉटरप्रूफ बॅगेत वॉटरप्रूफ बॅग घालत होतो.

‘स्वतःच्या पैशाने हौस करतो, तुला काय त्रास?’ हा आक्षेप मला माहीत आहे, कारण वर्षभरापूर्वी मीच तो घेतला असता. त्रास असा की या हौसेत एक दुसरा जीव आहे आणि त्याने होकार दिलेला नाही. क्रिकेटच्या बॅटवर पन्नास हजार उडवा, चेंडूला दुखत नाही. इथे पैसे कुठे घालायचे याचा क्रम चुकला तर किंमत दुसराच भरतो.

या बाबतीत सर्वांत अवघड प्रश्न मला आईने विचारला. ती माळकरी. आमच्या घरात मासा शिजत नाही. मी तिला समजावत होतो की आम्ही मारत नाही, पकडून सोडून देतो. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाली, “सोडूनच द्याचं हाय तं पकडता कायले?”

याचं पूर्ण उत्तर माझ्याजवळ आजही नाही. पाण्यात कमरेएवढं उभं राहून दोन तास काहीच न लागता फक्त बघत राहणं, खंड्याची झेप, खारफुटीच्या मुळांत हलणारं पाणी, हे मला आवडतं. पण ते गळाशिवायही बघता येईल, हेही मला कळतं. त्या शेवटच्या झटक्यासाठीच मी जातो, हे कबूल करायला हवं. ज्याला हे कबूल आहे त्याने निदान त्या झटक्यानंतरच्या दोन मिनिटांची तयारी करून जावं. तेवढी तयारी नसेल तर आईचं बरोबर आहे.

या वर्षी पुन्हा जातोय. यादी मी उलटी केली आहे. पहिल्या क्रमांकावर पक्कड. मालेगावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून लांब तोंडाची घेतली, एकशे ऐंशी रुपये; खाऱ्या पाण्यात गंजेल, म्हणून रोज गोड्या पाण्याने धुऊन तेल लावायचं. दुसऱ्यावर हुकांचे काटे. प्रत्येक हुकाचा मागचा उलटा काटा त्याच पकडीने दाबून सपाट केला आहे. काही मासे सुटतील, सुटू देत. तोच हुक माझ्या कानात गेला तरी सरळ बाहेर येईल. मग गाठी नसलेलं रबरी जाळं, म्हणजे मासा पाण्यातच ठेवून हुक काढता येईल. मग लाइफ जॅकेट, स्वतःचं, कारण मला पोहता येतं ते विहिरीतलं. तुटलेल्या नायलॉनचे तुकडे भरून परत आणायला एक डबा. जाड लीडर, उष्ण पाण्याची लाइन, चष्मा. जुना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, दोन. वाळूत पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे, म्हणजे खाली पाकट असेल तर ती आधीच सरकते. याला वजन नाही. होडीवाल्या काकांना आधी फोन: कोणत्या भागात तुमची जाळी असतात, आम्ही कुठे यायचं नाही? यालाही वजन नाही.

फोटो एकच, आणि मासा पाण्यात असताना. जमला तर.

काल बॅग पुन्हा त्याच काट्यावर ठेवली. रॉड धरून साडेआठ किलो. बाबा म्हणाले, “बाकीचं इकलं का काय?” बूट खरंच विकायला काढले आहेत. कोणाला हवे असतील तर सांगा, पण आधी बॅगेत पक्कड आहे का ते सांगा.